सुब्हीदादाची चकती

अलेप्पो, पश्चिम बाजू
४ मे २०१४

चि. लमीस हिस अ. उ. आ.

पत्र मदतपथकाच्या वाहिद ड्रायव्हरकडे देतोय. नाक्यावर जो कोणी ते उघडून वाचेल त्यालाही सलाम, आणि अक्षराबद्दल माफी.

साबणवाल्यांच्या गल्लीतली फुटलेली जलवाहिनी तुझ्या पथकाने दोन तासांच्या शस्त्रविरामात जोडली, हे कळलं. मी जलखात्यात चौतीस वर्षं मुकादम म्हणून मिरवलो, पण माझ्या हाताखाली हे काम दोन दिवसांत झालं नसतं. पहिला दिवस मी नुसता ओरडण्यात घालवला असता.

आमच्याकडे पाणी येतं. म्हणजे नळ आधी खोकतो, मग शिंकतो आणि मग एक तांब्याभर देऊन झोपी जातो. मी आंघोळीची वाटणी केली आहे, निम्मं अंग सोमवारी आणि निम्मं गुरुवारी. मशिदीच्या विहिरीवर रांगेत आता लोक मला नावाने नाही, कोणत्या अर्ध्याचा दिवस आहे त्यावरून ओळखतात.

तुझी वहिनी नजाह मजेत आहे. तू काळजी करू नकोस. रिद्वानरावांना सलाम. लोभ रोज असू दे, आमच्या नळासारखा नको.

तुझा,
सुब्हीदादा

•

अलेप्पो, पूर्व बाजू
९ मे

ती. दादास सलाम वि. वि.

पत्र वाचून हसले आणि मग विचारात पडले. पंपघरातून तुमच्या बाजूला पाणी चांगल्या दाबाने निघतं, ते मी स्वतः काट्यावर बघते. रसायनशास्त्र शिकलेली बाई मी, पण सध्या डिझेलची भीक मागणं आणि काट्याकडे डोळे लावून बसणं हीच माझी विद्या. मग तुझ्यापर्यंत तांब्याभरच कसं पोचतं?

आम्ही जोड बसवला तिथून दहा पावलांवर एक जुना व्हॉल्व्ह आहे. झाकण उचललं तर तो जेमतेम किलकिला, आणि त्याला पत्र्याची चकती बांधलेली. चकतीवर तुझं नाव. बाकी अक्षरं गंजाने खाल्ली आहेत.

मी पाना लावला, तर तुझ्या हाताखालचा जुना फिटर अबू सत्तूफ आडवा आला. सत्तरीचा माणूस, पलीकडच्या गच्चीवरून बंदुका रोखलेल्या, आणि हा मला नियम शिकवतो की ज्याने व्हॉल्व्ह बंद करून चकती बांधली, त्यानेच ती सोडायची, नाहीतर त्याचं लेखी पत्र हवं. नळात कुणी काम करत असेल तर तो बुडून मरेल, म्हणे. मी म्हटलं, काका, इतक्या वर्षांचा गंज चढलाय, आत कोण काम करत बसणार? तो म्हणाला, ते सुब्हीने सांगावं. हे तुझ्याच शिकवणीचं पीक आहे, दादा.

तेव्हा दोन ओळींची परवानगी लिहून पाठव. वहिनीला मिठी. मायेचा दाब कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
लमीस

•

१४ मे

चि. लमीस हिस अ. उ. आ.

त्या चकतीचं एवढं काही नाही. जुनी गोष्ट आहे, सोडून दे. व्हॉल्व्हही जुना आहे, हात लावलास तर मोडेल आणि खापर माझ्या नावावर फुटेल.

विहिरीवर काल खालच्या मजल्यावरची उम्म ताहेर भेटली. पाण्याची तक्रार घेऊन ती दहा वर्षं माझ्या कचेरीत यायची आणि मी मिशीला पीळ देऊन सांगायचो, नळ जुने आहेत बाई, धीर धरा. काल तिने माझ्या हातातल्या दोन बादल्या बघितल्या आणि म्हणाली, धीर धरा मुकादम. सगळी रांग हसली. मीही हसलो, नाहीतर नंबर गेला असता.

त्या गल्लीत पुन्हा जाऊ नकोस. वडील भावाचा हुकूम समज. आजवर तू एकही पाळला नाहीस, निदान हा पाळ. लोभ आहेच, अक्कलही असावी.

सुब्हीदादा

•

१९ मे

दादा,

नमस्कार-चमत्कार आज राहू दे, मी चिडले आहे. वहिनी मजेत आहे असं लिहिलंस. वाहिदने सगळं सांगितलं. दवाखान्यात यंत्रं आहेत, पण दुसऱ्या वाहिन्या लढाईत फुटल्यापासून पाणी नाही, म्हणून तिचं डायलिसिस आठवड्यातून तीनदाचं एकदावर आलंय. पाय सुजलेत, आणि परवा चार जिने तिला वाहिदने उचलून चढवलं. हे तू बहिणीपासून लपवतोस आणि आंघोळीच्या गमती लिहितोस. अर्ध्या अंगाच्या गमतीवर मी हसले याची मला लाज वाटते.

आता नीट ऐक. तो जोड पुन्हा ठिबकतोय. पुढचा शस्त्रविराम सत्तावीस तारखेला आहे, आणि तू पत्र लिही वा न लिही, मी त्या गल्लीत जाणारच आहे. पत्र नसेल तर तुझ्या व्हॉल्व्हशेजारी हात बांधून उभी राहीन, कारण अबू सत्तूफ हलणार नाही. चकती कसली आहे?

लमीस

•

२२ मे

चि. लमीस हिस अ. उ. आ.

ऐक तर मग. १९९८ साली तुझं लग्न झालं तेव्हा आपण सगळेच पूर्वेला राहायचो. जेवणाला तीनशे माणसं, आणि रिद्वानरावांच्या गल्लीत पाण्याची धार करंगळीएवढी. माझ्या बहिणीच्या सासरी ताटं विसळायला पाणी नाही, ही मुकादमाला सहन होणारी गोष्ट नव्हती. मी गुपचूप पश्चिमेला जाणारा तो व्हॉल्व्ह आवळला आणि पाणी तुमच्याकडे वळवलं. एका दिवसासाठी. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं, तिसऱ्या दिवशी विसरलो. आठवलं तोवर पश्चिमेच्या तक्रारींचा गठ्ठा जमला होता आणि प्रत्येकीवर माझ्याच सहीने शेरा होता, नळ जुने आहेत. उघडला असता तर एका रात्रीत नळ तरुण कसे झाले, हे मला सांगावं लागलं असतं.

मग मी स्वतःच पश्चिमेला राहायला आलो, चौथ्या मजल्यावर. माझ्यासारखा शहाणा अख्ख्या अलेप्पोत दुसरा नसेल.

मागच्या पत्रात गप्प बसलो, कारण एकीला वाचवायला दुसरीला त्या गल्लीत पाठवणं माझ्याने होईना. लाजही होती. दोन्हींतलं जास्त काय होतं ते मला खरंच माहीत नाही. काल नजाहला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्या लग्नात मी सगळ्यांत जास्त नाचले होते."

अबू सत्तूफला हे वाचून दाखव. नळात कोणीही काम करत नाही. सुब्हीची चकती सोडावी, ही लेखी परवानगी. अठरा फेरे डावीकडे. दर तीन फेऱ्यांनंतर एक उलटा घे, म्हणजे गंज सुटेल. गोळीबार झाला तर पाना तिथेच टाक आणि पळ. पाना खात्याचा आहे, तू माझी आहेस.

सुब्हीदादा

•

२८ मे

ती. दादास सलाम वि. वि.

अबू सत्तूफने पत्र दोनदा वाचलं आणि शिक्का कुठे आहे असं विचारलं. मी पाना उगारला तेव्हा म्हणाला, अक्षर इतकं वाईट आहे म्हणजे सुब्हीचंच असणार. मग स्वतः खड्ड्यात उतरला.

बाराव्या फेऱ्याला पलीकडून दोन गोळ्या आल्या. भिंतीचा चुना आमच्या डोक्यावर पडला. मी पळायला निघाले, तुझा हुकूम पहिल्यांदाच पाळत होते, पण म्हातारा मोजत राहिला. तेरा, चौदा. मग मीही परत फिरले. अठरा झाले, आणि नळातून घरघर ऐकू आली, ती तुमच्या दिशेला गेली. मी तिथेच बसून रडले, गोळ्यांनी नाही.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर आता पाणी चढत नाही. रिद्वान खालून बादल्या आणतो आणि जिन्यात तुझी फार प्रेमाने आठवण काढतो. त्याची हरकत नाही, सोळा वर्षं आम्ही वहिनीच्या वाटचं पाणी प्यायलो.

चकती घरी आणून व्हिनेगरने घासली. तुझ्या नावाखालची अक्षरं लागली. लिहिलं आहे, "बहिणीच्या लग्नासाठी बंद. उद्या सकाळी उघडणे." नियमाप्रमाणे चकती मालकाकडे परत जाते, म्हणून वाहिदबरोबर पाठवते आहे. वहिनीचं लवकर कळव. लोभ होता हे चकतीवरच लिहिलं आहे, तो तसाच ठेव.

तुझी,
लमीस

•

४ जून

प्रिय लमीस,

आज मी लिहिते आहे. डाव्या हाताला यंत्र लावलंय, उजवा मोकळा आहे. ह्या आठवड्यातली ही तिसरी खेप. दवाखान्याच्या टाकीत पाणी पडतं त्याचा आवाज इथपर्यंत येतो आणि नर्सबाई उगाचच हात धूत फिरतात.

नळ आला तेव्हा तुझे दादा मोरीत बसले आणि खूप वेळ बाहेरच आले नाहीत. डोळ्यांत साबण गेला म्हणाले. घरात गेला महिनाभर साबण नाही. मग पायजमा सावरत चार जिने उतरून प्रत्येक दार ठोठावलं आणि नळ जुने नव्हते हे सांगून आले. उम्म ताहेरने त्यांना बसवून घेतलं आणि दहा वर्षांचं एकदम ऐकवलं. परत आले ते दोन्ही कान लाल करून, पण पाठ ताठ होती.

चकती मिळाली. नावाखालची अक्षरं त्यांनी वाचली आणि माझ्याकडे बघायला तयार होईनात. मी ती दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात बांधली आहे. अंगणात, विहिरीवर, दवाखान्यात, तशीच घालून फिरतात. काढू का म्हणून रोज विचारतात. मी सांगितलं आहे की नियम तुमचाच, ज्याने बांधली त्यानेच सोडायची, आणि त्यासाठी मी बरीच वर्षं जगणार आहे.

तुझी,
नजाहवहिनी