तुझी ट्रेनर दोन गल्ल्या सोडून गेली तेव्हा

आई, आज सकाळची बॅच संपल्यावर माझी सगळ्यात चांगली ट्रेनर समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “दीदी, मैं अपना जिम खोल रही हूँ.” मी “अरे वा” म्हणाले, उगाच आरसा पुसायला घेतला, आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलत होते; आता ते लिहून काढते आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली. जिम मी चालवते, पण आपल्या कोहका वस्तीतल्या जुन्या बायका अजूनही ‘आंटी का जिम’च म्हणतात.

तू ते सुरू केलंस तेव्हा बाबा नुकतेच स्टील प्लँटमधून रिटायर झाले होते. त्यांना वाटायचं, तू शिवणाचे क्लास काढावेस. शाळेत असताना तू गोळाफेक खेळायचीस हे मलाही तेव्हाच पहिल्यांदा कळलं. पुढच्या हॉलमधला सोफा तू काढून टाकलास, रसमड्याच्या एका वर्कशॉपमधून बेंच आणि वजनं ठेवायचे रॅक बनवून आणलेस आणि दाराला जाड पडदा लावलास. बायका साडीतच यायच्या. तू त्यांना कपड्यांवरून एक शब्द बोलली नाहीस, पदर खोचून त्यांच्यासोबत बैठका मारत राहिलीस. पुढं त्यांचं त्यांनीच ठरवलं आणि सगळ्या सलवार-कुर्त्यात यायला लागल्या. एखादी यायची थांबली की तू तिच्या घरी जायचीस, चहा प्यायचीस, जिमचा विषयही न काढता परत यायचीस. दुसऱ्या दिवशी ती बाई हजर.

मग मोहन नगरची ती मुलगी आली, आपल्यासारख्याच विदर्भातून इकडं हिंदी मुलखात आलेल्या घरातली. तिला ट्रेनर म्हणून तूच घडवलंस. एकदा तिनं एका जाड बाईचा व्यायाम करतानाचा फोटो न विचारता मोबाईलच्या ग्रुपवर टाकला. बाई रडत निघून गेली. मी गॅसजवळ उभी आहे आणि तू त्या मुलीला आत स्वयंपाकघरात घेऊन येतेस. बाहेर सगळ्यांसमोर तू हूं की चूं केलेलं नाहीस.

“तुया असा फोटो कोणी टाकला असता तं?”

“चुकलं, काकू.”

“मले काहून सांगून राहिली? तिले सांग. चाल, दोघी जाऊ.”

त्या बाईच्या दारात मुलीनं तोंड उघडायच्या आधी तूच हात जोडलेस. “मेरे जिम में हुआ, तो गलती मेरी है.” त्या दिवसापासून ती मुलगी तुझ्यासाठी काहीही करायला तयार असायची.

आणि तरीही तिनं दोन गल्ल्या सोडून स्वतःचं जिम काढलं. सकाळची अर्धी बॅच तिच्यासोबत गेली. मी चिडून लाल झाले होते.

“आपल्या बायका घेऊन गेली ती, आई!”

“बायका का आपण बांधून ठेवल्या होत्या? शिकली म्हणून चालली. तिले का जनमभर आपल्याच हॉलमधी ठेवाचं होतं?”

उद्घाटनाला तू मला ओढत नेलंस. आपल्यासाठी मागवलेले नवे डंबेल तू तिच्यापुढं ठेवलेस. ती म्हणाली, “काकू, हे तं नवे आहेत.”

“मंग जुने देऊ का? पहिल्या दिवशी बायका पायतेत सगळं.” मग तिच्या कानाशी, “कोणाचं वजन चारचौघींत सांगू नको, बस.”

पुढचे महिने हॉल रिकामा वाटायचा. तू सगळ्या बॅच स्वतः घेतल्यास, मोजक्या बायकांसमोरही तितक्याच जोरात मोजत. हळूहळू नव्या आल्या, काही जुन्या परतल्या. गुडघे दुखणाऱ्या बायकांना तर तीच तुझ्याकडं पाठवायला लागली, “हे काकूचं काम आहे” म्हणून. आणि तू आजारी पडलीस, मी तुझ्यापाशी हॉस्पिटलात, जिमला कुलूप असेल असं मी धरून चालले होते. एक दिवस कपडे न्यायला घरी आले तर आतून तिचा आवाज. बाबांकडून किल्ली घेऊन ती रोज पहाटे आपली बॅच घेत होती आणि मग स्वतःच्या जिमला जात होती. ती म्हणाली, “ताई, दवाखान्यात जा तुम्ही. इकडचं मी पाहून राहिली ना.”

तर आई, रविवारी मीही माझ्या ट्रेनरच्या उद्घाटनाला जाणार आहे, नवं सामान घेऊनच. हे कुठं पाठवायचं नाही म्हणून लिहिते: आज दोनदा मनात आलं, की तिला जागाच मिळाली नसती तर बरं झालं असतं.

तुझ्याही मनात असं काही आलं होतं का, ते आता विचारता येत नाही. त्या मुलीच्या उद्घाटनाहून परतताना तू स्कूटरवर माझ्या मागं बसली होतीस. माझा खांदा इतका घट्ट धरला होतास, की घरी येऊन पाहिलं तर लाल झाला होता. मला वाटलं, खड्ड्यांमुळं. रस्ता तर चांगला होता.