बिनप्रथिनाचे सहा पिंजरे

३ फेब्रुवारी
लिही — आज कोंबड्यांचं खाद्य बदललं. अगं, कुठल्या कोंबड्या ते मागाहून सांगते, आधी लिही तर!

अट ठरलीय. मी बोलायचं, सूनबाईनं लिहायचं, मधे स्वतःचं शहाणपण घालायचं नाही. मला अक्षर येत नाही, पण तिचा हात कुठं थबकला ते बरोबर कळतं.

तर. नात जिथं शिकते तिथल्या कोंबड्यांच्या प्रयोगाच्या शेडवर सूनबाई पाणी भरते, ट्रे धुते. मी डबा पोचवते आणि तासभर स्टुलावर बसून घेते. ब्रॉयलरची पिल्लं, तीन आठवड्यांची. एका रांगेला सोयापेंड, दुसरीला सूर्यफुलाची पेंड, तिसरीला मासळीचा कुटा. कशातलं प्रथिन किती पचतं ते बघायचंय. मी विचारलं, "कोंबडी सांगणार कशी?" नात म्हणाली, "लहान आतड्याच्या शेवटी जे सापडेल ते न पचलेलं." म्हणजे पंगत उठल्यावर पानातलं उष्टं मोजायचं! त्यासाठी एवढी फी भरली.

४ फेब्रुवारी
शेवटच्या रांगेत सहा पिंजरे. त्यांना आजपासून चार दिवस नुसता मक्याचा स्टार्च आणि साखर. प्रथिनाचा कणही नाही. "यांनी कुणाचं घोडं मारलं?" म्हटलं.

"आजी, आतड्यात सापडतं ते सगळं खाल्लेलंच नसतं. पोट स्वतःचंही थोडं सोडतं. किती, ते या सहांवरून कळतं. मग तेवढं बाकी सगळ्यांच्या आकड्यातून वजा करायचं."

डोक्याला पटलं. डोळ्यांना पटेना.

५ फेब्रुवारी
त्या सहांपैकी कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातली एक शेजारणीची पिसं ओढून खातेय. मी जवळ गेले की सगळ्या जाळीला येतात. मी काय देणार, बायांनो? माझे स्वतःचे दात गेलेत.
सूनबाई, नाक ओढू नकोस, वही भिजेल.

६ फेब्रुवारी
दिला. मूठभर मासळीचा कुटा. फक्त कोपऱ्यातल्या पिंजऱ्याला. उद्याही देणार.
थांबलीस का? लिही. आणि हे बाहेर बोलायचं नाही — माझी शपथ!

८ फेब्रुवारी
आज पक्षी कापले. मी गेले नाही. नात आली ती तशीच न्हाणीत गेली, बराच वेळ पाण्याचा आवाज. बाहेर येऊन म्हणाली, "त्रास होऊ दिला नाही, आजी." मी विचारलंही नव्हतं.

१९ फेब्रुवारी
आकडे आले. पोरीचं तोंड एवढंसं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बिनप्रथिनाच्या पक्ष्यांत एवढं प्रथिन? खाद्य मिसळताना गोंधळ घातलात, नाहीतर आकडे घरी बसून लिहिलेत." घरी बसून! खाद्याची एकेक पिशवी तीन-तीनदा जोखली तिनं. मी बघितलंय. सोमवारी ठरवणार म्हणे, तिला शेडवर ठेवायचं की काढायचं.
जेवली नाही. "भूक नाही" म्हणाली. भूक नाही ते कसं दिसतं, ते मला शिकवते!

२० फेब्रुवारी
सांगून टाकलं. ती केस विंचरत होती. म्हटलं, "तुझ्या सरांना सांग, माझ्या म्हातारीनं चोरून खाऊ घातलं."

वाटलं, कंगवा फेकून मारेल. तर तो खाली ठेवून विचारायला लागली.

"कुठल्या पिंजऱ्याला?"
"कोपऱ्यातल्या."
"किती?"
"दोन दिवस. मूठ-मूठ."

मग माझा हात हातात घेतला. हसली, पण रडण्याच्या वाटेवरचं हसू. "मला वाचवायला खोटं बोलू नकोस गं. एकाच पिंजऱ्याचं असतं तर बाकीचे पाच बरोबर आले असते. सहाही वर गेलेत. चूक माझीच असणार. मिसळतानाच काहीतरी…"

घ्या! जन्मात एकदा गुन्हा कबूल केला, त्यालाही कुणी हिंग लावून विचारेना. आणि पोर स्वतःवरच संशय घ्यायला लागली, हे त्याहून वाईट.
पण सहा कसे? मला वाचता येत नाही, मोजता येतं. मी एकाच पिंजऱ्यापाशी वाकले होते. माझी कंबर साक्षीला आहे.

२२ फेब्रुवारी
सोमवार. आत्ता सूनबाईनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "आई, बाकीचे पाच मी. सोयापेंड घातली. कोपऱ्यातला तुमचा होता, म्हणून तेवढा सोडला."
वर म्हणते, "हे लिहू नका."
मी कुठं लिहिते, बाई? लिहितेयस तूच. चपला घाल. दोघी जाऊ सरांकडे.