आज्जाचा पटका बालवर्गात

॥ श्री ॥

निपाणी, आषाढ शुद्ध पंचमी

चि. सौ. राजमतीस, तुझ्या आप्पांचा पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत आणि तिकडे तूही खुशाल आहेस. (ही दुसरी गोष्ट मी तुलाच का कळवतो आहे ते पुढे येईल. हसल्याने तुझ्या छातीत कळ येते असे जावईबापूंनी बेळगावहून लिहिले आहे, तेव्हा हसायचेच झाले तर हळू हस.) छातीतले पाणी आता किती उरले? दूध घेतेस की लहानपणीसारखे खिडकीतून ओततेस? दवाखान्याच्या खिडकीखाली कोण उभे असेल याचा नेम नाही, तेव्हा पीतच जा. आमची काळजी करू नकोस. आम्हीही तुझी मुळीच करत नाही.

तर तुझ्या लेकीचे, ब्राह्मीचे. तुझ्या सांगण्याप्रमाणे तिला गुणाबाईंच्या बालवर्गात घातली. जैन बस्तीशेजारच्या धर्मशाळेच्या ओसरीवर गुणाबाई हा वर्ग चालवतात हे तुला ठाऊकच आहे. वर्गाचे नवे वर्ष सुरू झाले त्या दिवशी तिला न्हाऊ घातले, ताटात तांदूळ पसरून ओनामा काढून घेतला, नवे परकर-पोलके घातले आणि वाजतगाजत नेली. (वाजतगाजत म्हणजे वाजंत्री नव्हते. तुझी आई सबंध वाटभर सूचना देत होती.) पोर ओसरीपर्यंत राणीसारखी चालली, आणि पायरीशी आल्यावर तिने माझ्या धोतराचा सोगा जो धरला तो सोडीना. गुणाबाई म्हणाल्या, "आप्पाण्णा, तुम्ही जावा बघू. मोठं माणूस दिसलं की पोर बसत न्हाय." मी गेलोही असतो, पण धोतर तिच्या मुठीत होते. धोतर ठेवून जाणे माझ्या वयाला शोभले नसते, म्हणून बसलो.

मग ती रडू लागली. तुला आठवत असेल, आपल्याकडे तंबाखूच्या वखारीत हमाल अडून बसले की मी चिरमुरे-फुटाणे मागवतो आणि काम चालू होते. तोच तोडगा इथे केला. एकटीला देणे बरे दिसेना म्हणून सगळ्या वर्गाला वाटले. ब्राह्मी गप्प झाली, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी आम्ही पायरीवर पाय ठेवला आणि आतली यच्चयावत पोरे एका सुरात रडू लागली. त्यात सुकुमार नावाचा एक गोंडस ठोंब्या आहे, गेल्या वर्षभरात कधी रडला नव्हता म्हणे. तो सर्वांत मोठ्याने भोकाड पसरून एक डोळा माझ्या पिशवीवर ठेवून होता. गुणाबाईंनी पिशवी काढून घेतली आणि मला बाहेरच्या कट्ट्यावर बसायला सांगितले. राजमती, मी निपाणीतला जुना व्यापारी. लिलावात माझ्या बोलीनंतर कोणी बोलत नाही. पण गुणाबाईंनी बोट दाखवले तिथे मी जाऊन बसलो.

मग एके दिवशी मी ब्राह्मीला कट्ट्यावर जवळ घेऊन विचारले, "बाळ, सगळी पोरं बसत्यात, तूच का गं बसत न्हाईस? भ्या वाटतं?" तिने मान हलवली. म्हणाली, "तू जाशील." मी म्हटले, "जाईन आणि घ्यायला येईन की." तर म्हणते, "आई बी असंच म्हणली. मोटारीत बसली, येते म्हणली. न्हाय आली."

शाळेचे, रडण्याचे, चिरमुऱ्यांचे सगळे मी मोठ्या शहाणपणाने सोडवत बसलो होतो, आणि पोरीची अडचण भलतीच होती. गेलेले माणूस परत येते, एवढेच तिला कोणीतरी दाखवून द्यायला हवे होते. तोंडाने सांगून भागणार नव्हते. मी डोक्यावरचा पटका काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "हे बघ, पटक्याशिवाय आज्जा कधी कुठं जातोय का?" तिने विचार केला. मी परसात जातानासुद्धा पटका घालतो हे तिने पाहिले आहे. "न्हाय," म्हणाली. "मग हा तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे. ह्यो घ्यायला मला यायलाच लागतंय." तिने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला, आत गेली, भिंतीशी बसली आणि मला म्हणाली, "जा."

मी निघालो. त्या आनंदात डोळे भरून आले होते आणि डोके उघडे आहे हे ध्यानातच नव्हते. आता तूच सांग, आपल्या गावात शहाणासुरता गृहस्थ भर बाजारातून बोडक्या डोक्याने, डोळे पुसत, एकटा घराकडे कधी चालतो? घरात कोणी गेले तरच. किराणावाल्या यल्लाप्पाने मला पाहिले, तराजू खाली ठेवला आणि हात जोडले. मला वाटले, ब्राह्मी शाळेत बसल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली, मीही जोडले. त्याने दुकानाची एक फळी लावली. पुढच्यानेही लावली. अशा वेळी कोणी काही विचारायचे नसते, निमूट मागून चालायचे असते, ही आपल्याकडची रीत. आणि माझ्यामागे ती रीत वाढत वाढत पंधरा-वीस माणसांची झाली. मी एकदा वळून पाहिले. वाटले, तंबाखूचा भाव विचारायला येताहेत.

तुझी आई दारात आली. तिने माझे उघडे डोके पाहिले, मागची मंडळी पाहिली, आणि उंबऱ्यावर खाली बसली. तिला तुझ्याशिवाय दुसरे कोण आठवणार? तिचे ते तोंड पाहून मला एकदम सगळे समजले. मी ओरडलो, "पटका शाळेत हाय! राजमती बरी हाय! पटका शाळेत हाय!" मंडळी एकमेकांकडे बघू लागली. यल्लाप्पा पुढे येऊन हळूच म्हणाला, "आप्पाण्णा, दुःखानं असं व्हतंय. बसा, पानी प्या." त्यांना पटवता पटवता माझा घसा बसला. तोवर दोन घरांतून पिठले-भाकरी येऊन पोचली होती. तुझ्या आईने त्या अन्नाला कोणाला शिवू दिले नाही. मी चोरून खाल्ले. (भूक लागली होती आणि पिठले फार उत्तम होते.) ती दिवस मावळायच्या आतल्या जेवणापर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि नंतर जे बोलली ते पत्रात लिहिण्याजोगे नाही.

पण राजमती, ब्राह्मी बसली! मी पटका घ्यायला गेलो तेव्हा ती तो सांभाळत इतर पोरांना दम देत होती. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनाच असे काहीतरी हवे झाले. आता गुणाबाईंच्या खुंट्यांवर कोणाच्या बापाची टोपी, कोणाच्या आईचा किल्ल्यांचा जुडगा, सुकुमारच्या आजीची तपकिरीची डबी. आजी तपकिरीवाचून दिवसभर तळमळते आणि शाळा सुटायच्या कितीतरी आधी येऊन उभी राहते. काल मात्र ब्राह्मीने दारातच माझा पटका परत केला. "घालून जा आज्जा. बोडका गेलास की लोक रडत्यात."

तुझी आई आशीर्वाद सांगते. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
आप्पा

ता. क. चिकोडीच्या पाहुण्यांकडून जावईबापूंच्या नावे एखादे सांत्वनाचे पत्र आले तर तुम्ही दोघांनी मनावर घेऊ नये. गावात खुलासा केला आहे, पण बातमी माझ्यापेक्षा जोरात चालते.

ता. क. दुसरा. वर तुझी काळजी करत नाही असे लिहिले ते खोटे आहे. पत्र खरे तर एवढ्याचसाठी लिहायला घेतले, की ब्राह्मी परवा विचारत होती, आई जाताना काय ठेवून गेली? तर तू एखादी वस्तू पाठव, जिच्यावाचून तुझे अडेल अशी. खुंटीवर लावतो. चष्मा पाठवू नकोस, पत्रे कशी वाचशील?

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच ब्राह्मी आली. तिला विचारले, आईकडून काय मागवू? तिने माझ्याकडे मठ्ठ पोराकडे पाहावे तसे पाहिले आणि म्हणाली, "काय बी नगं. मला ठेवलंय की." तेव्हा काही पाठवू नकोस, पोरी. नीट बरी हो आणि तुझी ठेव न्यायला ये.