प्लॅटिनम आणि माझा जुना नारळ

१० मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. शुक्रवारी आपल्या शेतात बोअरची गाडी येतेय. मी तीस वर्षं नारळावर जमिनीतलं पाणी शोधणारा पाणाड्या, अख्ख्या देवळाली प्रवरात नाव. आणि माझीच मुलगी निकिता म्हणते, जागा मशीनने बघू! घरातच पाणउतारा.

१० मार्च, संध्याकाळ
पैज लागली. तिच्या मोबाईलवर अंतराळात खाणी खोदायचा गेम आहे. दगड स्कॅन केला की आकडा येतो, आकड्यावरून आत कुठला धातू ते कळतं म्हणे. गुरुवारपर्यंत मी नारळावर प्लॅटिनम काढलं तर बोअरची जागा माझी, नाहीतर मशीनची. सोपं आहे. बायको म्हणाली, नारळ तरी नवा घ्या. सविताला काय कळतंय! नवा नारळ कच्चा असतो. माझा अकरा वर्षांचा, जाणता आहे.

११ मार्च
मोबाईल ओट्यावर, तळहातावर नारळ आडवा. पहिल्याच दगडावर टुणकन उभा राहिला, म्हणजे खूण पटली! खोदलं. बर्फ निघाला. नेटवर्कचा दोष.
आणखी दोन दगड. बर्फच. म्हणजे पाणीच की! निकिता म्हणाली, आप्पा, पैज प्लॅटिनमची हाय. सविता म्हणाली, नारळ न्हाई, तुमचा हातच हालतोय. दुर्लक्ष केलं.

१२ मार्च, संध्याकाळी ६.१०
शेवटची फेरी. यानात ऑक्सिजन आठ मिनिटांचा. समोर दोन दगड. नारळ डावीकडे उभा राहतोय.

६.१४
चार मिनिटं. आकड्यांची यादी निकिताच्या मांडीवर उघडी आहे. उजवा दगड प्लॅटिनमचा. मी यादी पाहिलेली नाही. तरी डावीकडेच जाणार. नारळाशी बेइमानी नाही.

६.१९
बर्फ. ऑक्सिजन संपला. तिने सहा महिने खपून उभं केलेलं यान गेलं. तिने यादी मिटून ठेवली. ऑक्सिजनच कमी भरला होता.

१३ मार्च
सकाळी मशीन फिरलं, खूण केली. मीच मोठ्या मनाने होऊ दिलं. दुपारी दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं. गाडीवरची पोरं नाचली. नारळ फोडा म्हणाले, आणि नारळ आणायचाच राहिला होता. सविता म्हणाली, तुमचा द्या की.
जीवावर आलं, पण दिला. मीच फोडला. आत पाण्याचा थेंब नाही. पिवळं, खवट खोबरं.
निकिताही हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.