लाल शाईचे गुण

४ फेब्रुवारी १९७४, ग्रिम्सबी
भाजीवाल्या हिग्सच्या पाटीवर पुन्हा तेच! बटाट्यांच्या साध्या अनेकवचनात मध्येच एक अपॉस्ट्रॉफी टांगलेली. मी ती अंगठ्याने पुसली. "बाई, रिटायर झालात ना?" म्हणाला. बटाटे चांगले निघाले.

११ फेब्रुवारी
प्रौढांचा संध्याकाळचा वर्ग. आठजण आले. आजचा नियम — एका वाक्यात दोन नकार नकोत, एक दुसऱ्याला खातो. मासळीच्या धक्क्यावर पेट्या उचलणारा वॉल्टर ब्लँचर्ड, वय बावन्न, म्हणतो, "बाई, आमच्याकडे दोनदा नाही म्हटल्याशिवाय कोणी ऐकत नाही." सगळे हसले. मीही हसले, पण फळ्यावरचा नियम पुसला नाही.
त्याला ऑस्ट्रेलियातल्या मुलीला पत्र लिहायचंय. तेवढ्यासाठीच येतो.

१८ फेब्रुवारी
कर्ता एकवचनी तर क्रियापद एकवचनी. चाळीस वर्षं हेच सांगतेय. डोकं दुखलं.

२५ फेब्रुवारी
वॉल्टरने पत्र लिहून आणलं. अकरा लाल खुणा केल्या, सवयीने खाली गुणही दिले — दहापैकी चार. तो कागदाकडे बघत राहिला. मी म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, माझा मुलगा रसेल कॅनडाहून लिहायचा तेव्हा त्याचीही पत्रं मी अशीच तपासून, गुण देऊन परत पाठवायची.
"मग? काय म्हणायचा तो?"
"तीन वर्षं झाली, लिहीत नाही."
"मीही नसतं लिहिलं, बाई." टोपी घातली नि गेला.
आगाऊ माणूस!

२६ फेब्रुवारी
आगाऊ कसला, खरं तेच बोलला. रसेलचं शेवटचं पत्र लग्न ठरल्याचं होतं. मी सहा गुण दिले होते. अभिनंदन लिहायचं राहूनच गेलं. लाज वाटते.

४ मार्च
रसेलला लिहिलं. एकटाकी, आणि परत वाचलं नाही. वाचलं असतं तर दुरुस्त करत बसले असते नि पत्र घरातच राहिलं असतं. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले.

११ मार्च
वॉल्टरने पत्र धाडलं — माझ्या लाल खुणांसकट, तोच कागद! म्हणे, "पोरीला दिसू दे, बाप या वयात शाळेत जातोय ते." मीही रसेलला लिहिल्याचं त्याला सांगितलं.

२५ मार्च
काही नाही.

८ एप्रिल
नाहीच. वॉल्टरच्या मुलीचं उत्तर आलं, चार पानी. माझ्याकडे रसेलचं आलं का ते त्याने विचारलं नाही. धुरावलेला हॅडक मासा कागदात बांधून टेबलावर ठेवून गेला.

१७ एप्रिल
कॅनडाचं पाकीट. आत माझंच पत्र. त्यावर चौदा लाल खुणा! एकेक तपासली, चौदाही बरोबर आहेत. खाली रसेलचं अक्षर — "दहापैकी सहा. ऑगस्टमध्ये येतोय, आम्ही तिघं."