वीस पट्ट्या

११ नोव्हें.
आज पहिल्यांदा शिवणयंत्रावर बसलो. बायकोने, नीलिमाने, श्रावणात जुन्या सुती साड्यांच्या वीस पट्ट्या कापल्या होत्या, गोधडीसाठी. प्रत्येक साडेसात फूट. मग लकवा. उजवा हात गेला, बोलणं एकेका शब्दावर आलं. सकाळपासून तीनदा गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, चौतीस वर्षं देवासच्या कारखान्यात फिटर होतो, सरळ रेघेत शिवायला काय लागतं?

१३ नोव्हें.
सहा पट्ट्या जोडल्या. पलंगावर पसरल्या तर केळ्यासारखा बाक. नी. हसली. हॉस्पिटलनंतर पहिल्यांदा. मला राग आला.
ती म्हणाली, "उलट."
कापड पालथं केलं. "नाही. उलट." डाव्या हाताने टेबलावर थाप. दहा मिनिटं हेच.

१५ नोव्हें.
चौकातल्या टेलर मास्टरला दाखवलं. "भिया, ये तो कमान बन गई. खींचते हो क्या?" हो, ओढतो. वरची पट्टी शेवटी बोटभर उरते म्हणून खालची ताणून बरोबर करत होतो. मशीनचे खालचे दाते खालचं कापड पुढे नेतात, वरचं मागे राहतं. फिटरला हे आधी दिसायला हवं होतं. सगळी शिवण उसवली. न ओढता पुन्हा शिवली. बाक कमी, पण आहेच.

१८ नोव्हें.
धारला गेलो, नी.च्या थोरल्या बहिणीकडे. गठ्ठा घेऊन. घरी सांगितलं इंदूरला औषधं आणायला जातो. शेजारच्या भाभी तिच्याजवळ बसल्या.
अक्का म्हणाल्या, "ठेवा इथे. आठ दिवसांत शिवून देते. ती आता काय..." मी गठ्ठा ठेवला. मलाही हायसं वाटलं. ते लिहून ठेवतो.

१९ नोव्हें.
नी.ने टेबल पाहिलं. "कुठे?" सांगितलं.
रिकाम्या टेबलावर हात ठेवून, "माझं."
माझ्या हातून जेवली नाही. डाव्या हाताने खाल्लं, निम्मं सांडलं. व्यायामाला आलेल्या फिजिओला परत पाठवलं.

२१ नोव्हें.
आजही व्यायाम नाही. फिजिओ मला म्हणतो, आप समझाइए. काय समझाऊ.

२२ नोव्हें.
पुन्हा धार. अक्कांच्या दोन पट्ट्या जोडून झालेल्या. गठ्ठा परत मागितला तर चेहरा उतरला.
"वसंतराव, तिच्या भल्यासाठीच ना?"
"हो. पण तिला विचारलं नव्हतं."
"शिवण तिला मी शिकवली. आठ वर्षांची होती. आता तिच्यासाठी एवढंही करायचं नाही मी?"
त्यांनी स्वतःच्या पट्ट्या स्वतः उसवल्या, घड्या घातल्या, पिशवीत भरून दिल्या. चहा विचारला नाही. बसमध्ये उभं राहून आलो.

२४ नोव्हें.
नी.ची खुर्ची मशीनशेजारी ओढली. माझी जुनी शिवण रात्रीच सगळी उसवून ठेवली होती. टाचण्यांची डबी तिच्या पुढ्यात ठेवली.
दोन पट्ट्या जुळवून तिने आधी मधोमध टाचणी लावली. मग दोन्ही टोकांना. मग अर्ध्याच्या अर्ध्यावर. एका हाताने, पाऊण तास. मी मदतीला हात पुढे केला तर बाजूला सारला.
तिसरी पट्टी जोडायची वेळ आली तेव्हा सगळं कापड स्वतः फिरवलं. आधीची शिवण जिथे संपली होती ते टोक सुईसमोर आलं.
"हे उलट?"
"हौ!"
म्हणजे एक शिवण या टोकाने, पुढची त्या टोकाने. मी सगळ्या एकाच बाजूने सुरू करत होतो, म्हणून बाक साठत गेला. अकरा दिवस बाई हेच सांगत होती.

२५ नोव्हें.
इस्त्री घासत नेली. मनगटावर चापट. इस्त्री टेकवायची, उचलायची, पुढे टेकवायची. घासली की कापड पुन्हा लांबतं. फिजिओ आला होता. व्यायाम केला. त्यालाही एक चापट.

२८ नोव्हें.
आठ पट्ट्या. स्टीलच्या टेपने मापलं, डावी कड, मध्य, उजवी कड. फरक सुताचा, इंचाचा आठवा भाग. नी.ने टेप घेऊन स्वतः पुन्हा मापलं. माझ्या मापावर तिचा कधीच भरवसा नव्हता.
म्हटलं, "धारला न विचारता नेलं, चुकलं."
तिने नववी पट्टी पुढे केली.

२ डिसें.
अक्कांचा फोन. रविवारी येते म्हणाल्या. नी.ला सांगितलं. तिने टाचण्यांची डबी जवळ ओढली.

रविवार
अक्का सकाळच्या बसने आल्या. चपला काढून सरळ मशीनपाशी. बारा पट्ट्या जोडलेल्या. कडेवरून तळहात फिरवत टोकापर्यंत गेल्या.
"सरळ आहे," म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.
नी. टाचण्या लावत होती. मान वर केली नाही.
अक्कांनी पदर खोचला. मग हळू आवाजात, "नीलू, मी बसू का मशीनवर?"
नी.ने हातातली टाचणी खाली ठेवली. बहिणीकडे बघत राहिली.
मी चहाला आत आलो. पाणी उकळलं. साखर, पत्ती घातली. बाहेरून मशीनचा आवाज आला, आणि मग नी.चा, "उलट."