माझ्या पायाला काहीही झालेलं नाही

९ नोव्हेंबर
आंबवड्याच्या देवळापर्यंत फिरायला गेलो. उजवी पोटरी आवळते, थांबलं की सुटते. सोबत मेव्हणा गोरख. म्हणाला, दाजी, दम खाताय व्हय? शेळ्या राखणाऱ्यानं शेळ्यांपुरतं बोलावं. मी शेतं बघायला थांबलो होतो.

१५ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून बिडी बंद. कायमची.

संध्याकाळ
एकदम बंद केली तर शरीराला शॉक बसतो. हळूहळू सोडणार.

२८ नोव्हेंबर
अंगठा काळा पडलाय. दोष चपलेचा. भोरला जाऊन दुकानदाराला सुनावलं. बावळट म्हणतो, मग डावा का न्हाई काळा पडला? ग्राहकाशी बोलायची अक्कल नाही. पाय कॉटखाली लोंबता ठेवला तरच झोप लागते. आमची ही, मंगल, रडते. बायकांना निमित्त लागतं.

२ डिसेंबर
मंगल आणि गोरखनं मिळून पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणजे कालचं पोरगं. म्हणे, बिडीनं पायाची रक्तवाहिनी चोंदलीय. जांघेतून बारीक नळी घालायची, आत फुगा फुगवायचा, जाळी बसवायची. उशीर केला तर पाऊल जाईल. फुगा! जत्रेत बसलाय काय हा? त्याला सांगितलं, एसटीचा ड्रायव्हर होतो, वरंधा घाटात सगळी नोकरी याच पायानं ब्रेक दाबलेत. म्हणाला, म्हणूनच वाचवायचाय, काका.
उद्धट. पण बरा वाटला.

४ डिसेंबर
झालं. पूर्ण शुद्धीत होतो. स्क्रीनवर नळी वळताना दिसली. सावकाश घे, वळण आहे, असं दोनदा बजावलं. नर्स हसली. तिला ड्रायव्हिंगमधलं काय कळतं!
पाऊल गरम झालं. मंगलनं हात लावून पाहिला आणि रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. एसीमुळे.

२० डिसेंबर
देवळापर्यंत न थांबता गेलो. गोरख मागे पडला. मुळात माझं रक्त चांगलंच. रक्त पातळ करायच्या गोळ्या आजाऱ्यांसाठी असतात. बंद केल्या. आनंदात एक बिडी.

८ जानेवारी
पोटरी पुन्हा आवळली. थंडी फार आहे. कोणाला सांगितलं नाही.

११ जानेवारी
पाऊल पांढरंफटक, बर्फासारखं. दुखणं असं की ओरडलो. गोरखनं पाठीवर घेऊन टेम्पोत घातलं. आदळू नकोस, असं मी बजावलं. कापूरहोळच्या पुढे काय झालं, आठवत नाही.

१३ जानेवारी
वाहिनी पुन्हा उघडली. पाय वाचला. अंगठा काढावा लागला. डॉक्टरनं विचारलं, गोळ्या घेत होता? म्हटलं, न चुकता. मंगलनं पिशवीतून न फोडलेली पाकिटं काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१५ जानेवारी
संडासला जायचं होतं. मंगल चहाला खाली गेलेली. नर्सला हाक मारायची लाज वाटली. गोरखला मारली. आता हा बिडीवरून बोलणार, गोळ्यांवरून बोलणार. मी कडक उत्तर जुळवून ठेवलं होतं.
तो काखेत खांदा घालून एवढंच म्हणाला, दाजी, भार माज्यावर टाका.
टाकला.